टेक्स्चुरा शीर्षक-टंक: लहान अक्षरे पूर्ण, कॅपिटल सुरू

टेक्स्चुरा (मध्ययुगीन युरोपातील दाट, टोकदार 'ब्लॅकलेटर' अक्षरांचा एक प्रकार) वळणाच्या माझ्या फाँटमधील सर्व लहान अक्षरे आखून झाली असून आता कॅपिटल अक्षरे हाती घेतली आहेत. गुटेनबर्गने माइन्झ येथे १४५५ च्या सुमारास छापलेल्या ४२ ओळींच्या बायबलाचा टंक आणि त्याच वळणावर अमेरिकन टंकरचनाकार फ्रेडरिक गाउडीने मोनोटाइप या टंक बनवणाऱ्या कंपनीसाठी १९२८ मध्ये केलेला 'गाउडी टेक्स्ट' असे दोन नमुने समोर आहेत. पैकी गाउडीचा टंक पानावर बराच मोकळा दिसतो आणि मला तोच मोकळेपणा हवा आहे.

ब्लॅकलेटरमध्ये काळ्याइतकेच पांढऱ्याला महत्त्व असते. उभ्या दांडीची जाडी ११० एकके (फाँट आखण्याचे माप) आणि 'एन'च्या आतील पोकळी १०० एकके ठेवल्यावर अक्षराअक्षरांतील अंतरही त्याच मापाच्या आसपास ठेवावे लागते, नाहीतर ओळीचे विणकाम लगेच विसकटते. 'मिनिमम' हा शब्द रोमन लिपीत लिहिला, की एकसारख्या दांड्यांची रांगच उभी राहते आणि त्यातून अक्षरे वेगळी काढण्यासाठी 'आय'वरील टिंब किती गरजेचे आहे, हे कळते. माझ्या फाँटमध्ये हे टिंब बारीक, तिरकी रेघ म्हणून काढले आहे.

मूळ वळण समजून घेण्यासाठी आधी कागदावर पेनाने लिहून पाहिले. देवनागरीसाठी तासलेला बोरू येथे चालत नाही, कारण त्याच्या टोकाचा तिरपा छेद नेमका उलट्या बाजूचे जाड-बारीक देतो. सरळ कापलेली रुंद निब सुमारे ४५ अंशांत धरली, की दांडीच्या वर-खाली चौकटीसारखे टोक आपोआप उमटते. गुटेनबर्गच्या टंकसंचात सुमारे २९० वेगवेगळे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) होते असे मानले जाते. त्यांत एकाच अक्षराची कमी-अधिक रुंदीची रूपे आणि जोडरूपेही होती, ज्यामुळे ओळी दोन्ही बाजूंनी समान भरता येत. मी फक्त नेहमी लागणारी जोडरूपेच ओपनटाइप या संगणकीय फाँट-स्वरूपात घातली आहेत.

कॅपिटल अक्षरे अधिक अवघड आहेत. त्यांतील फाटे आणि दुहेरी रेघा एकेकट्या देखण्या दिसतात, पण सगळा मथळा कॅपिटलमध्ये बसवला तर वाचताच येत नाही. म्हणून दोन कॅपिटलमधील कर्निंग (अक्षरजोडीनुसार अंतर जुळवणे) मी मुळीच करणार नाही. वापरणाऱ्याने तसे लिहू नये, हीच अपेक्षा आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे नाव पाहा: प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर भरघोस, पुढची शांत आणि एकमेकांना चिकटलेली. त्या नावानंतरचा पूर्णविराम १९६७ मध्ये काढून टाकण्यात आला, तो निर्णय मला योग्य वाटतो.

वृत्तपत्राचे नाव, प्रमाणपत्र, बिअरचे लेबल आणि हेवी मेटल बँडची नावे, एवढ्यापुरताच हा टंक शोभतो. ब्लॅकलेटर हा नाझींचा टंक आहे, हा समज मात्र अर्धवट आहे, कारण ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी नेता मार्टिन बोरमानच्या सहीच्या परिपत्रकाने त्यांनीच ब्लॅकलेटरला हद्दपार केले होते.

सध्या 'एस' आणि 'जी' ही कॅपिटल अक्षरे बाकी आहेत. त्यानंतर आकडे घेईन आणि ४८ पॉइंटच्या छापील चाचणीत पोकळ्या बुजतात का, ते तपासेन.