क्रिएटिनिन नॉर्मल आहे

जुलैत आमच्या कोल्हापूर भागात रोपलावण सुरू झाली की कॅज्युअल्टीत घोणस सुरू होते. बांधावरच्या ओल्या गवतात ती पडून असते, आणि लावणीला वाकलेल्या बाईचा पाय तिथंच पडतो. त्या दिवशी १०८ची गाडी गगनबावड्याकडून आली तेव्हा साडेबारा वाजले होते. बाई चाळिशीच्या आतबाहेरची, उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत टरारून सुजलेला, हिरड्यांतून रक्त. मागून नवरा युरियाचं पोतं घेऊन. पोत्यात मारलेली घोणस. वॉचमन त्याला दारातच अडवून उभा.

"डाक्टरला जनावर दाखवाय पायजे म्हणून आणलंय," नवरा सांगत होता.

साप मारून आणू नका, फोटो काढा, असं आम्ही गावोगाव सांगतो. ऐकतं कोण! पण आणलाच होता तर पाहिला. पाठीवर तपकिरी अंडाकृती ठिपक्यांच्या तीन ओळी, शंकेला जागा नाही. घोणसच.

सकाळी आठच्या सुमारास चावली, नऊला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचले, तिथल्या डॉक्टरनं वेळ न घालवता एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या, दहा व्हायल दिल्या आणि चिठ्ठीवर वेळांसकट सगळं लिहून पाठवलं. अशी चिठ्ठी आली की मला त्या न पाहिलेल्या डॉक्टरला फोन करून शाबासकी द्यावीशी वाटते. आम्ही वीस मिनिटांची चाचणी लावली. कोरड्या काचेच्या नळीत ताजं रक्त घ्यायचं, न हलवता ठेवायचं आणि वीस मिनिटांनी तिरकं करून बघायचं. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही चालत नाही, म्हणून आमच्या सिस्टरनी काचेच्या नळ्या औषधांच्या कपाटात कुलपात ठेवल्या आहेत. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणशीचं विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना एकदम कामाला लावतं आणि थोड्या वेळात ते सगळे खर्ची पडतात. (हेच विष अत्यल्प प्रमाणात वापरून प्रयोगशाळेत रक्त गोठण्याची एक तपासणीही करतात.) एएसव्हीचा पुढचा डोस सुरू झाला.

तासाभरात रक्ताचे रिपोर्ट आले. रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, क्रिएटिनिन नॉर्मल आहे. ०.८." नवऱ्यालाही त्यानं तेच सांगितलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला आणि गप्प बसले.

गप्प बसले, कारण घोणशीचं विष किडनीलाही दुखावतं, आणि किडनीची इजा वेळेत ओळखणं हा जो विषय गेली कित्येक वर्षं मी करते तो सगळा या एका वाक्याच्या विरोधात उभा आहे. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंत तयार होणारा आणि किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा कचरा, आणि त्याची तपासणी साखर कारखान्याच्या बिलासारखी असते: ऊस तुटून, गाळून होतो आणि आकडा मग कधीतरी हातात पडतो. दोन्ही किडन्या या क्षणी बंद पडल्या, तरी स्नायूंतून येणारं क्रिएटिनिन रक्तात साचून आकडा हलायला वेळ लागतो. क्रिएटिनिनची पिक्रिक ॲसिडबरोबर होणारी नारिंगी रंगाची जी प्रक्रिया आजही पुष्कळ लॅबमध्ये ते मोजायला वापरतात, ती जाफे यांनी १८८६ साली वर्णन केली. अचानक होणाऱ्या किडनीच्या इजेची 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेची २०१२ची व्याख्याही याच आकड्यावर उभी आहे: ४८ तासांत ०.३ने वाढ किंवा सात दिवसांत दीडपट. सोबत लघवीचा निकष आहे, तो कुणी नीट मोजत नाही.

२००५ साली मी डीएम, म्हणजे एमडीनंतरचं शिक्षण, करत होते. सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयातल्या मिश्रा, देवराजन आणि सहकाऱ्यांचा निबंध त्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी बायपास पंपावर गेलेली ७१ मुलं होती. त्यांतल्या २० जणांच्या किडनीला इजा झाली. क्रिएटिनिननं ते सांगायला एक ते तीन दिवस घेतले. लघवीतलं 'एनगॅल' नावाचं प्रथिन मात्र दोन तासांतच वर गेलेलं होतं. अचूकतेचा आकडा ०.९९८, म्हणजे जवळजवळ पैकीच्या पैकी. किडनीला तिचा ट्रोपोनिन मिळाला, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. हार्ट अटॅक जसा रक्ताच्या एका तपासणीत पकडता येतो, तशी किडनी पकडता येणार. होस्टेलवर त्या निबंधाच्या झेरॉक्सवर झेरॉक्स निघाल्या.

पुढे मोठ्या माणसांमध्ये तपासलं तेव्हा तो आकडा ०.७च्या आसपास घसरला. कारण सरळ आहे. मुलांची किडनी आधी धडधाकट होती आणि इजा नेमकी कधी झाली ते घड्याळात लिहिलेलं होतं. साठीतला मधुमेही माणूस आयसीयूत येतो तेव्हा त्याची किडनी कधीपासून कुरकुरतेय, कुणाला माहीत? एनगॅल मोजायचं, पण कुठल्या वेळेपासून मोजायचं?

सर्पदंशाकडे मी वळले ते यासाठी. सिनसिनाटीत पंप सुरू केल्याची वेळ नोंदलेली होती. आमच्याकडे दंशाची वेळ रुग्ण सांगतो, आणि ती विसरत नाही. रुग्ण बहुधा शेतात राबणारे, किडनी आधी ठणठणीत. देशी हृदयशस्त्रक्रिया म्हणा हवं तर. त्यातून आमचा छोटासा अभ्यास उभा राहिला: आल्याबरोबर लघवीचा नमुना, मग ठरावीक तासांनी, सेंट्रिफ्यूज करून छोट्या नळ्यांत भरायचा आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा. तुलनेसाठी संसर्गाचे काही रुग्ण. तो फ्रीजर म्हणजे घरातलं तान्हं मूल आहे; रात्री वीज गेली आणि जनरेटरनं दगा दिला तर अलार्मचा फोन माझ्याच उशाशी वाजतो.

संमतीपत्र घेऊन मी नवऱ्याकडे गेले. थोडी लघवी अभ्यासासाठी ठेवायची आहे, तिचा रिपोर्ट उपचारांसाठी वापरला जाणार नाही, नाही म्हणालात तरी उपचारांत फरक पडणार नाही, हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "न्या की. तिथं काय सोनं हाय व्हय?" आणि सही केली.

योगायोग असा, की त्याच दुपारी आमची रिसर्च फेलो साठलेल्या नमुन्यांतलं एनगॅल मोजायला एलायझा चाचणीची प्लेट लावत होती. ९६ खळग्यांची प्लेट. किट महाग, त्यामुळे एकही खळगा रिकामा सोडायचा नाही हा तिचा बाणा. शेवटचे दोन उरले होते, त्यात तिनं आजचा नमुना टाकला. संध्याकाळी सहाला तिचा फोन आला. "मॅडम, खाली या. बघायलाच या."

एलायझात शेवटी रंग येतो. आधी निळा, मग ॲसिड टाकलं की पिवळा. प्रथिन जितकं जास्त तितका पिवळा गडद. प्लेटवर फिकट, जरा गडद, परत फिकट अशा रांगा होत्या आणि कोपऱ्यातले दोन खळगे हळदीसारखे. मशीननं तर हातच टेकले: वाचन मोजपट्टीच्या बाहेर, नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावा. बाईंच्या रक्तातलं क्रिएटिनिन त्या वेळी ०.९ होतं.

आता काय करायचं? आमच्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय की हे आकडे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवायचे नाहीत. ते लिहिण्यामागे कारण आहे. चाचणी अजून सिद्ध झालेली नाही. अर्धवट आकड्यावर भलतेसलते उपचार होतात. पण उपचार करणारी डॉक्टर मीच. अभ्यास लिहिणारीही मीच. पायऱ्या चढून वर येईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न होता: समजा सांगितलं, तर करणार काय? किडनीची इजा थांबवणारं औषध नाही. लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सनं किडनी वाचत नाही, मॅनिटॉलनंही नाही. एएसव्ही चालूच आहे, आणि रक्तात फिरणाऱ्या विषावर ते काम करतं. किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींना बसलेला दणका ते परत घेत नाही.

वॉर्डात जाऊन केसपेपर उघडला. पायाच्या दुखण्यासाठी रात्रीला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन लिहून ठेवलेलं होतं, द्यायचं राहिलं होतं. ते खोडलं. ज्या बाईचं रक्त गोठत नाही तिला स्नायूत सुई नको आणि ज्या किडनीला विष लागलंय तिला ते औषध नको. त्यासाठी एनगॅलची गरजच नव्हती. सलाईनचा हिशेब तपासला. मग सिस्टरना म्हटलं, "हिची लघवी दर तासाला मोजा. आकडा केसपेपरवर, वेळेसकट." एनगॅलचा उच्चारही केला नाही. पण बाकी कुणासाठी मी असं बजावून सांगितलं नव्हतं, हेही खरं. दुसऱ्या दिवशी मी ते एथिक्स कमिटीला लेखी कळवलं. त्यांनी प्रोटोकॉलपासून विचलन म्हणून नोंद केली आणि पुढच्या प्लेट नमुने गोळा करून झाल्यावरच लावा, असा आदेश दिला. योग्यच दिला.

बाईंचं वजन ४८ किलो. म्हणजे किलोमागे अर्धा या हिशेबानं तासाला निदान २४ मिलिलिटर लघवी हवी. सातला ४० होती. नऊला २५. अकराला १०, रंग कोऱ्या चहाचा. मध्यरात्रीनंतर युरोबॅगच्या नळीत जे होतं तेवढंच. सकाळचं क्रिएटिनिन १.४. रेसिडेंटनं मला फोन केला तेव्हा त्याच्या आवाजात आश्चर्य होतं. सिस्टरच्या आवाजात नव्हतं. तिनं रात्रभर आकडे लिहिले होते. एनगॅल क्रिएटिनिनच्या बारा तास पुढे होतं, पण मोजलेल्या लघवीच्या फक्त तीन-चार तास पुढे. हे गणित मी माझ्या कुठल्या स्लाइडवर आधी मांडलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला, ६.४ला, गेलं. रक्त तोवर गोठू लागलं होतं, जांघेत कॅथेटर घालता आला, रात्रीच डायलिसिस केलं. नवऱ्यानं विचारलं, "किडनी गेली का हो?" मी म्हटलं, झोपलीय, बहुतेक उठेल. बहुतेक या शब्दावर त्यानं माझ्याकडे बघितलं. घोणशीत किडनीचा बाहेरचा थर कायमचा मरण्याची भीती असतेच, आणि लघवी परत येईपर्यंत खरं उत्तर नसतं. तिसऱ्या आठवड्यात लघवी सुटली, आणि सुटली ती दिवसाला दोन-अडीच लिटर. घरी गेल्या तेव्हा क्रिएटिनिन १.९, पुढच्या तपासणीला १.१. दिवाळीनंतर आल्याच नाहीत. फोन केला तर नवरा म्हणाला, बरी हाय, सुगी चालू हाय.

अभ्यासाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. त्याच प्लेटवर आणखी दोन खळगे जवळजवळ तेवढेच पिवळे होते. तो न्यूमोनियानं आलेला एक ट्रकचालक, तुलनेच्या गटातला. त्याचं क्रिएटिनिन कधी हललंच नाही, लघवी भरपूर, पाचव्या दिवशी पायांनी चालत घरी. एनगॅल मुळात सापडलं ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत. संसर्गात ते तसंही वाढतं. मग ट्रकचालकाची किडनी आतून दुखावली होती आणि क्रिएटिनिनला पत्ता लागला नाही, की नुसताच ताप बोलत होता? दोन्ही शक्य आहेत. क्रिएटिनिन चुकतं म्हणून नवी चाचणी शोधायची आणि तिची परीक्षा परत क्रिएटिनिनकडूनच घ्यायची, हा आमच्या क्षेत्रातला जुना पेच आहे. अमेरिकेत २०१४ साली लघवीतल्या दुसऱ्या दोन प्रथिनांच्या चाचणीला परवानगी मिळाली आणि २०२३च्या डिसेंबरात लहान मुलांसाठी एनगॅललाही. दोन्ही आयसीयूतल्या रुग्णांसाठी. बांधावरून आलेल्या बाईसाठी आकड्यांची रेघ कुठं मारायची, ते आमचं आम्हालाच ठरवायचं आहे.

विभागाच्या बैठकीत मी या दोन नमुन्यांचा आलेख दाखवला. सगळं संपल्यावर त्या रात्रीच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. एका रात्रीत बत्तीस पेशंटला आम्ही दोघी. त्या बाईची लघवी दर तासाला मोजली, तेव्हा बाकीच्या एकतिसांची कुणी मोजली? एका किटच्या पैशात जादा माणूस नसता का मिळाला?"

मी सांगितलं की संशोधनाच्या निधीतून वॉर्डचा स्टाफ नेमता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग तसं लिहा ना, नेमता येईल असं."

पुढच्या प्रस्तावात मी रात्रपाळीसाठी दोन सहायक मागितले, काम: सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची लघवी ४८ तास दर तासाला मोजणं. या पदांचा बायोमार्करशी, म्हणजे एनगॅलशी, संबंध काय, असं तज्ज्ञ समितीनं विचारलं. दीड पान उत्तर लिहून पाठवलं. एक पद मंजूर झालं आहे. किट सगळीच्या सगळी.