कर्जतचे शेवटचे डीसी बँकर

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वडेवाल्याला हाका मारू लागतात. आम्ही कॅमेरे सावरत शेपटाकडे पळायचो. घाट चढवायला मागून रेटा देणारी बँकर इंजिनं तिथे जोडली जात. लोणावळा इथून जेमतेम २८ किलोमीटर, पण चढ १:३७. सगळा भार पुढून ओढायचा म्हटलं तर इंजिनाला दम लागतोच, शिवाय कपलिंगवर नको तेवढा ताण येतो.

घाटातली १५०० व्होल्टची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) जाऊन २५ हजार व्होल्टची एसी (दिशा बदलत राहणारी) येणार, हे तोवर पक्कं झालं होतं. म्हणजे डब्ल्यूसीजी-२ या आमच्या डीसी बँकर इंजिनांचे दिवसही भरलेच. चित्तरंजनच्या कारखान्यात १९७० च्या दशकात अशी ५७ इंजिनं बनली. दिसायला निव्वळ ठोकळा. त्यांच्या आधीच्या ‘खेकडा’ इंजिनाचं कौतुक सगळे करतात, आणि ते रास्तच आहे, एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, दुसरा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात. या ठोकळ्याच्या वाट्याला मात्र कॅमेरे फारसे आले नाहीत.

मला हवे होते वर केलेले दोन्ही पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे इंजिनाच्या टपावरचे सांगाडे. डीसीचा दाब कमी, म्हणून तेवढीच ताकद मिळवायला करंट प्रचंड खेचावा लागतो. एका पँटोग्राफवर तो भार नको, म्हणून दोन्ही तारेला टेकवायचे. एसी इंजिनाचं एकावर भागतं. तीन बँकर एकापाठोपाठ, वर सहा पँटोग्राफ, आणि पावसात भिजलेल्या तारेवर मध्येच निळसर ठिणगी! ती फोटोत पकडायची तर ढगाळ उजेडच बरा. कडक उन्हात ती दिसतही नाही.

एकदा एक पोलीसमामा जवळ आले. “इंजिनाचे एवढे फोटो? नटी आहे का ती?” मी स्क्रीनवर ठिणगी दाखवली. ते म्हणाले, “बरी आली आहे,” आणि गेले.

पळसदरीनंतर गाडीतूनच टिपायचं. मागच्या डब्यात, वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी मिळाली तर शेपूट पूर्ण दिसतं. ठाकूरवाडी, मंकी हिल. मध्ये बोगद्यामागून बोगदा, त्यामुळे उजेड क्षणात येतो आणि जातो. कॅमेऱ्याला विचार करू दिलात तर चित्र गेलंच. एक्स्पोजर हातानेच लावून ठेवायचं.

मुंबईत डीसी आणखी काही वर्षं टिकली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी-कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली होती. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरच डीसीचा शेवट झाला.

कर्जतला बँकर अजूनही लागतात, एसीचे. त्यांचेही फोटो काढतो मी, पण पावसासाठी मुद्दाम थांबत नाही.