गंगापूर धरणावर डोलकाठी चढवताना

पंचवटी एक्स्प्रेसनं रात्री नाशिकरोडला उतरलो, तर दादा स्टेशनबाहेर उभाच होता. गाडीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत त्यानं एकच विषय लावून धरला: कैची, म्हणजे बोटीची डोलकाठी उभी करायची पाइपांची जोडी. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. सातपूर एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे आणि तिथल्या शेडमध्ये ट्रेलरवर त्याची वीस फुटी शिडाची बोट असते. मुंबई पावणेदोनशे किलोमीटर लांब, मध्ये कसारा घाट, तरी हा माणूस शिडाची बोट बाळगून आहे. बंदरात बोट ठेवणाऱ्याला डोलकाठी सहसा दुरुस्तीपुरतीच उतरवावी लागते. दादाला मात्र दर फेरीला पोचल्यावर चढवा, निघताना उतरवा. त्यामुळे शीड, वारा, सुकाणू हे सगळं त्याच्या लेखी नंतरचं. आधी काठी.

सकाळी मिसळ झाली, काळा रस्सा आणि वर जिलेबी. मार्चचा महिना, ऊन आठलाच बोचायला लागलेलं. गंगापूर रोडला लागलो, सोमेश्वर मागे टाकलं. बोट वीस फुटी, काठी चोवीस फुटी, तेव्हा आडवी बांधलेली काठी मागून बाहेर आलेली. तिच्या टोकाला वहिनींनी लाल फडकं बांधलं होतं, तरी एक मोटारसायकलवाला अगदी चिकटून चालला होता. वहिनी खिडकीतून त्याला काय म्हणाल्या ते इथं लिहीत नाही.

गंगापूरचं हे मातीचं धरण १९६५ साली पूर्ण झालं. पश्चिमेला त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर दिसतात. तिथल्याच ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी इथं अडवली आहे. नाशिककरांच्या नळाला येणारं पाणी बरंचसं इथलंच. सरकारी बोट क्लबच्या बाजूला शनिवार-रविवार गर्दी उसळते, म्हणून परवानगीचा कागद खिशात घालून दादा दुसरीकडे जातो. तिथं काठाला लागून एका बागाईतदारांचा द्राक्षमळा आहे. सगळे त्यांना नाना म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा खुडा जोरात चालू होता. मांडवाखाली क्रेट भरले जात होते आणि नाना कोणावर तरी ओरडत होते.

ट्रेलर थांबला तरी दादानं काठीला हात लावला नाही. मान वर करून तो आधी पाण्यापर्यंत चालत गेला आणि तसाच मागे आला. शेतीपंपांच्या विजेच्या तारा या भागात कुठून कुठं जातील, नेम नाही. रस्ता ओलांडणारी अकरा हजार व्होल्टची तार ६.१ मीटर उंचीवर असली की नियमात बसते. ट्रेलरवरच्या बोटीत काठी उभी केली की तिचं टोक जमिनीपासून नऊ मीटरच्या पुढे जातं, आणि काठी ॲल्युमिनियमची. म्हणजे जिथं उभी करायची तिथं वर तार नाही एवढ्यानं भागत नाही. उभ्या काठीनिशी ट्रेलर पाण्यात नेताना वाटेतही असता कामा नये. शिडाच्या बोटी वापरणाऱ्या देशांत अशा तारांना काठी लागून माणसं मेलेली आहेत. वाऱ्यापेक्षा दादा तारांना जास्त भितो आणि मला ते पटतं.

आता काठी. लोकांना वाटतं ती झाडासारखी बुडाशी घट्ट रोवलेली असते. या बोटीत ती केबिनच्या छपरावर एका बिजागरीत नुसती टेकलेली असते. तिला उभं ठेवतात त्या तारा: एक पुढे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, एक मागे, बाकीच्या दोन्ही बाजूंना. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा आट्यांचा बोल्ट, त्यात बोटाएवढी पिन आणि पिनेच्या भोकात चावीच्या कडीसारखी इवलीशी रिंग. ती रिंग निसटून पिन सरकली तर वरचं सगळं खाली.

क्रेटचं काम सोडून नाना बघायला आले होते. त्यांना हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. "हे तर आमच्या मांडवाचंच काम आहे," ते म्हणाले. "कोपऱ्याचा खांब जमिनीत किती गेलाय त्याला काही अर्थ नाही. बाहेरचा ताण सुटला की अख्खी लाईन बसती." त्यांच्यासोबत आलेल्या नातवाला वेगळीच शंका होती: या बोटीला वल्ही का नाहीत? दत्तू भोकनळच्या बोटीला होती की. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये उतरला, तेव्हापासून जिल्ह्यात बोट म्हटलं की वल्हीच. शीड बघितल्याशिवाय याचं समाधान होणार नाही, असं दिसलं.

काठीचं वजन तारांसकट पंचवीस किलो. दोन माणसं ती खांद्यावर सहज घेतील. पण एक टोक बिजागरीत अडकवून दुसरं वर न्यायचं म्हणजे हिशेब बदलतो. आडव्या काठीला पुढच्या तारेनं ओढायला गेलात, तर तार काठीला जवळजवळ समांतर असते. सगळा जोर काठीला बिजागरीत दाबण्यात जातो, वर उचलायला काहीच उरत नाही. त्यासाठी कैची. दादानं दोन पाइपांची टोकं जोडून सहा फुटी कैची केली आहे; तिचे पाय डेकच्या दोन कडांना, बिजागरीच्या रेषेत बसतात. काठी आडवी असते तेव्हा कैची उभी असते. पुढची तार कैचीच्या टोकाला, आणि त्या टोकापासून नाळेपर्यंत चार पदरी कप्पी. दादानं रात्री मला वहीवर मांडून दाखवलं होतं: सुरुवातीचा ओढ साधारण पासष्ट किलोंचा, चार पदरांत वाटला की सोळा-सतरा, घर्षण धरून वीसेक. काठी जसजशी उभी होते तसा तोही कमी होत जातो. विहिरीतून पाणी ओढलेल्या माणसाला हे काहीच नाही.

खरा धोका बाजूचा. बाजूच्या तारा डेकच्या कडेला, बिजागरीपेक्षा खालच्या पातळीवर बांधलेल्या असतात. त्यामुळे काठी पूर्ण उभी होईपर्यंत त्या ढिल्याच राहतात, आणि अर्ध्यावर आलेली काठी डावी-उजवीकडे झुकायला मोकळी. म्हणून दादा बिजागरीच्या बरोबर रेषेत दोन्हीकडे एकेक जादा दोर बांधतो. रेषेतला दोर काठी वर जाताना ढिलाही पडत नाही, ताठही होत नाही. हे दोर लावल्याशिवाय तो सुरुवातच करत नाही. आणि ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे, हेही न चुकता.

दादा ओढत होता, मी मागे उभा राहून काठीला पहिला उचल दिला, वहिनींची नजर तारांवर. काठी निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात "थांबा!" असा आवाज आला. दादा जागच्या जागी थांबला, दोराला क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीवर, वेढा मारून मोकळा झाला. उजवीकडचा टर्नबकल डेकवर आडवा पडून त्याच्या पट्टीत तिरका अडकला होता. तसंच ओढलं असतं तर बोल्ट वाकला असता. चार पदरी कप्पी धरलेल्या माणसाला हाताला ते कळतही नाही, कारण सगळंच हलकं लागतं. वहिनींनी तो बोटानं सरळ केला. "आता घ्या." मिनिटभरात काठी उभी. पुढची तार नाळेवर पिनेत गेली, रिंगा बसल्या, आणि दादानं तारा एकेक वाजवून बघितल्या.

पाण्यावरचं थोडक्यात सांगतो. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला, शीड भरलं, बोट एका अंगावर कलली आणि नानांचा नातू वल्ह्यांबद्दल एक अक्षर बोलला नाही. लाइफ जॅकेट त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. कडेला पाणी ओसरून गाळ उघडा पडलेला, म्हणून मधल्या पाण्यातच फेऱ्या मारल्या. छान झालं.

उतरवणं लोक सोपं समजतात, कारण वजन आपणच खाली येतं. पण उभी काठी पहिल्यांदा हलतच नाही. कैचीवर ओढ घेऊन पुढची तार सोडली तरी ती ढिम्म उभी. कोणीतरी मागे खेचून तिला तोलाच्या पलीकडे न्यावं लागतं आणि मग तिचं वजन जागं होतं, वाढत वाढत जातं. आडवी होताना सगळ्यात जास्त. त्यामुळे दोर क्लीटवरून वेढा ठेवूनच सोडायचा. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, आणि सुकाणू आधी काढून ठेवायचं. काठीच्या पडायच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, झेलायलासुद्धा नाही. झेलायला मागे लाकडी घोडी असते. नानांनी हात पुढे केला तेव्हा दादानं, एरवी त्यांच्याशी अदबीनं बोलणाऱ्यानं, त्यांना चक्क दरडावलं.

इंग्लंडात नॉरफोकच्या नद्यांवर व्हेरी नावाच्या माल वाहणाऱ्या शिडाच्या बोटी असत. ठेंगण्या पुलांखालून जायचं म्हणून त्यांच्या डोलकाठीच्या बुडाशी शिशाचं वजन लावून ती तोललेली असे; एकदोन माणसं पुलाआधी काठी झोपवत आणि पलीकडे पुन्हा उभी करत. मी हे सांगितल्यावर दादा म्हणाला, "त्या बोटींना सातपूरचे गतिरोधक ओलांडायचे नव्हते." आपल्या कोकणात तर हा प्रश्नच नाही: काठी जागेवर राहते, परबाण, म्हणजे शीड बांधलेली वरची काठी, तेवढं खाली घेतात.

तारा गुंडाळल्या, काठीला जागोजागी कापडी पट्ट्यांनी बांधल्या, लाल फडकं पुन्हा चढलं. नाना मघापासून कप्प्यांचा जोड हातात घेऊन दोर मागेपुढे सरकवत होते. खुडा संपला की खरड छाटणीआधी त्यांना मांडवाचे दोन वाकलेले खांब सरळ करायचे आहेत. "आठ दिवस राहू दे इथं," ते म्हणाले. दादानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी शनिवारच्या आत परत, अशी अट घातली आणि बदल्यात दोन क्रेट द्राक्षं डिकीत ठेवून घेतली.