फ्रेममधला हुकूम

17 सप्टेंबर 2019, मंगळवार. तारीख लक्षात राहण्याचं कारण म्हणजे पितृपक्ष. या पंधरवड्यात आमच्या बेळगावच्या कोर्टात नवीन दावा घालायला सहसा कुणी येत नाही. जुन्या तारखा चालतात, पण वकिलांच्या खोल्यांपुढची बाकडी रिकामीच असतात. मीही सकाळी जुन्या फायली बांधत बसलो होतो.

साडेदहाच्या सुमारास एक बाई आल्या. वय पस्तिशीचं, साडीचा पदर खोचलेला, हातात भाजीची पिशवी आणि पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रं. नवरा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डर. बळ्ळारी नाल्याच्या काठाला दीड एकर भाताचं रान. त्या ऑगस्टमध्ये महापूर आला, नाला उलटा फिरला आणि रोप कुजून गेलं. त्यातच फाउंड्रीतला ओव्हरटाइम बंद झालेला. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

“वकीलसाहेब, हे एवढं वाचून सांगा की. इंग्लिशमध्ये हाय. मी सोता जाऊन फोटो काढलो.”

(आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘आलो, गेलो, काढलो’ असंच बोलतात.)

फोटो एका रिक्रिएशन क्लबाच्या भिंतीचा होता. शहराच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात, नव्या लेआउटमधल्या दुमजली घरात हा क्लब चालायचा. नाव लिहीत नाही. भिंतीवर गणपतीची तसबीर, तिला झेंडूचा हार, आणि तिच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये चार छापील पानं ओळीनं लावलेली. पहिल्या पानावर उच्च न्यायालय, धारवाड पीठ. मी फोटो मोठा केला, रिट अर्जाचा नंबर पाहिला आणि क्षणभर काहीच बोललो नाही.

ते काम माझ्याच हातून गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी या क्लबाचे सेक्रेटरी माझ्याकडे आले होते. सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था, घटना, सभासदांची यादी, सगळे कागद व्यवस्थित. तक्रार अशी की सभासद रमी, कॅरम खेळत बसले की पोलीस येऊन उठवतात. मी मसुदा केला, धारवाडच्या सहकाऱ्याकडे पाठवला, त्यांनी तिथे चालवला. निकाल आल्यावर सेक्रेटरी कुंद्याचा डबा घेऊन घरी आले होते. मी फी घेतली आणि ती फाइल बंद झाली.

बाईंच्या नवऱ्याला त्या क्लबात 4 सप्टेंबरच्या रात्री, गणपतीच्या दिवसांत पडलेल्या धाडीत पकडलं होतं. अकरा जण. रात्रीच जामिनावर सोडले. बाईंचा प्रश्न एकच होता.

“तिथं सरकारी परवाना लावलाय म्हणून हे गेले. मला बी तसंच सांगितले, कोर्टाचा परवाना हाय, भ्यायचं काय कारण. मग पोलीस कसे आले?”

या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, पण आपल्या भागात ते कुणी कुणाला सांगत नाही. तो परवाना नसतो. कर्नाटक पोलीस कायदा 1963 चा. त्यात जुगाराचा अड्डा चालवणं कलम 79 खाली गुन्हा, तिथं खेळणं कलम 80 खाली. मात्र कलम 176 सांगतं की ज्यात कौशल्य लागतं त्या खेळाला ही कलमं लागत नाहीत. रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं टाकायचं आणि कुठलं धरायचं हे डोक्यानं ठरवावं लागतं, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात म्हटलं. पण त्याच निकालात पुढे हेही आहे की क्लबाचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. निकालाचा पहिला भाग प्रत्येक क्लबाला पाठ असतो. दुसऱ्याचं नाव कुणी काढत नाही. उच्च न्यायालय अशा अर्जांवर एवढंच म्हणतं की कायदेशीर करमणुकीत पोलिसांनी विनाकारण ढवळाढवळ करू नये, आणि त्यासोबत अटी घालतं. फ्रेममधल्या चार पानांत महत्त्वाचं जे आहे ते शेवटच्या पानावरच्या अटी.

बाई म्हणाल्या, “मग त्या अटीच वाचा.”

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो.

“क्लबानं प्रत्येक सभासदाला ओळखपत्र द्यावं, आणि पोलीस मागतील तेव्हा ते दाखवावं.”

त्यांनी प्लास्टिकच्या कागदातून कार्ड काढलं. “हे त्याच रात्री दिलेत. दारात फोटो काढलेत, शंभर रुपयं घेतलेत.” कार्डावर तारीख 4 सप्टेंबरचीच होती.

“सभासद नसलेल्याला पाहुणा म्हणून खेळायला बसवू नये.”

“अकरातले सात जण फाउंड्रीतलेच की, पगार झाला त्या दिवशी संगट गेलेले.”

“आत-बाहेर जायच्या वाटा आणि जिथं खेळ चालतो ती जागा, सगळीकडे सीसीटीव्ही असावेत. मागच्या निदान 15 दिवसांचं चित्रण पोलीस मागतील तेव्हा द्यावं.”

“गेटाला एक हाय. मोठ्या खोलीत रमी चालती, तिथं एक हाय. मागच्या खोलीत न्हाई.”

“मागच्या खोलीत काय चालतं?”

“अंदर-बाहर.”

इथं मला वाचणं थांबवावं लागलं. अंदर-बाहरमध्ये मधे एक पान उघडतात आणि त्याचा जोडीदार डाव्या ढिगात पडतो की उजव्या, एवढ्यावर पैसे लावतात. लावणाऱ्याच्या हातात काहीच नाही. कौशल्याचा बचाव तिथं उभाच राहत नाही. पुढच्या खोलीतली रमी ही मागच्या खोलीच्या दारावरची पाटी होती, आणि त्या पाटीचा कागद मी मिळवून दिला होता.

“शेवटची अट. क्लबानं खेळातून नफा कमवू नये.”

“दर डावाला नाल काढत्यात,” बाई म्हणाल्या. “शंभराला पाच.”

नाल म्हणजे जागेच्या मालकानं प्रत्येक डावातून काढून घेतलेला वाटा. जुना शब्द आहे, आमच्या आजोबांच्या तोंडी होता. सबंध कायदा या एका शब्दावर उभा आहे. चार मित्र घरी पत्ते कुटत बसले आणि घरमालकानं काही घेतलं नाही, तर ते घर अड्डा होत नाही. नाल काढली की झाला.

मग त्यांनी विचारलं, “हा कागद त्येंना कुणी आणून दिला?”

मी म्हणालो, “मी.”

त्या रागावल्या नाहीत, उठूनही गेल्या नाहीत. मोबाइल परत घेतला, फोटोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मग तुम्हाला तर म्हाईत होतं की हे सगळं.” यात आरोप नव्हता. माहीत असलेल्या माणसानं ते इतरांना का सांगितलं नाही, एवढंच त्यांना कळत नव्हतं. मला आजही त्याचं नीट उत्तर देता येत नाही. वकिलाला त्याच्या पक्षकारापुरतं पाहायला शिकवतात. हुकूम मिळाला, प्रत दिली, काम संपलं. ती प्रत पुढे कुठल्या भिंतीवर जाते आणि तिच्याखालून कोण आत शिरतं, हे पाहायला मी कधी गेलो नाही. बेळगावात राहून निदान मला तरी हे कळायला हवं होतं. इथं हुकूम इंग्रजीत येतो, एफआयआर आणि पंचनामा कन्नडमध्ये लिहितात आणि सही करणारा माणूस मराठी शाळेत सातवी झालेला असतो. बाईंच्या नवऱ्यानंही पंचनाम्याखाली सही केली होती. त्यात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नव्हतं.

पंचनामा मी वाचला. मला कन्नड वाचता येतं. “इस्पीट एले 52” असं लिहिलेलं होतं. आपण इस्पीट (इस्पिक) म्हणजे पत्त्यांतला एक रंग समजतो, कन्नडमध्ये सगळ्या पत्त्यांनाच इस्पीट म्हणतात. पुढे होतं की अकराही जण मागच्या खोलीत गोल बसून खेळताना सापडले. बाई ताबडतोब म्हणाल्या, हे खरं नाही. नवरा तासभर आधीच सगळं हरला होता. उधारीच्या टोकनांवर आणखी नऊ हजार गेले, म्हणून क्लबाच्या माणसानं गाडीची चावी आणि आरसी बुक काढून घेतलं. धाड पडली तेव्हा तो गेटाजवळ पडवीत उभा राहून गाडी सोडा म्हणून हाता-पाया पडत होता.

गेटाजवळ म्हणजे कॅमेऱ्याच्या समोर.

धाडीला तेरा दिवस झाले होते. चित्रण पंधरा दिवस राहतं. पुढचं सगळं घाईत झालं. पण ही केस मी घेऊ शकत नव्हतो. ज्या क्लबाचं काम मी केलं, त्याच्याविरुद्ध त्याच प्रकरणात उभं राहणं आमच्या व्यवसायाच्या नियमांत बसत नाही, आणि ते योग्यही आहे. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी टाळतोय. मग मी त्यांना शेजारच्या खोलीतल्या वकीलबाईंकडे घेऊन गेलो. त्या गोकाककडच्या, घरची भाषा कन्नड. त्यांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं, पक्षकारासाठी खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, “सर, तुम्ही आता जावा. पुढचं माझ्याकडं.” दुपारच्या आत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 खाली चित्रण मागवण्याचा अर्ज दाखल झाला. क्लबालाही नोटीस गेली, त्यात करार कायद्याचं कलम 30 होतं. पैजेत जिंकलेले पैसे वसूल करायला कोर्टात दावा चालत नाही, हे 1872 पासूनचं आहे. अपवाद फक्त घोड्यांच्या काही शर्यतींचा. कोर्टात जे मागता येत नाही, त्यासाठी गाडी अडवून ठेवायची हिंमत क्लबाला झाली, ती समोरच्याला कायदा माहीत नाही म्हणून.

अर्जाची वाट बघत बाई बाकड्यावर बसल्या होत्या. मी चहा दिला. त्यांनी विचारलं, “गोव्यात बोटीवर चालतंय न्हवं? चोर्ला घाट उतरलं की झालं. तिथं चालतंय, हितं का न्हाई?”

सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. जुगार हा विषय घटनेनं राज्यांच्या यादीत ठेवलाय. गोव्यानं 1976 चा आपला कायदा 1992 मध्ये बदलून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या मशिनी चालू दिल्या, नंतर बोटींवरच्या कॅसिनोंना परवानगी दिली. कर्नाटकानं 2007 मध्ये लॉटरीसुद्धा बंद केली, पण बाचीच्या पुढे शिनोळीची हद्द ओलांडली की महाराष्ट्र, आणि तिथं राज्य सरकारची लॉटरी कायदेशीर. तिकडचा जुगाराचा कायदा 1887 चा. 1956 पर्यंत शिनोळीचा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता आणि दोन्हीकडे तोच एक कायदा लागू होता. मटक्याला तर हद्दच नाही. ओपन-क्लोजचा आकडा मुंबईचा, इकडे पोलिसांच्या कागदांत त्याला ‘ओसी’ म्हणतात. एक आकडा लागला तर एकाला नऊ मिळतात. आकडे दहा असतात, हे चिठ्ठी लिहिणारा कधी बोलत नाही. बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे नाल यातच धरलीय.” इतक्या नेमक्या शब्दांत मी हे कुणाकडून ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. क्लबावरचा खटला मीच चालवावा अशी त्यांची इच्छा होती. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “साहेब, तुमच्याच ऑर्डरवर चाललंय सगळं.” मी म्हणालो, ऑर्डरचं शेवटचं पान काढून वाचा. त्यांनी फोन ठेवला.

गाडी चार दिवसांनी परत मिळाली, आरसी बुकला दोन महिने लागले. चित्रण वेळेत हाती आलं. त्यात तो माणूस गेटाशी उभा असलेला स्पष्ट दिसतो. पुढे तो सुटला, लॉकडाऊनमुळे उशीर झाला एवढंच. क्लब चालवणाऱ्यांचा खटला वेगळा आहे. मधल्या काळात 2021 मध्ये राज्यानं कर्नाटक पोलीस कायदा कडक केला, ऑनलाइन खेळही त्यात ओढले, आणि 14 फेब्रुवारी 2022 रोजी उच्च न्यायालयानं त्या दुरुस्तीतली मुख्य कलमं रद्द केली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मागची खोली आता पुष्कळांच्या खिशात आलीय, तिला गेट नाही आणि गेटाला कॅमेराही नाही. पण तो वेगळा विषय आहे.

त्या मंगळवारी रात्री घरी बसून मी हुकमातल्या अटी मराठीत लिहून काढल्या. एक पान भरलं. कायद्याचे शब्द गाळले, नाल हा शब्द ठेवला. खाली ठळक लिहिलं, ‘हा परवाना नाही.’ दुसऱ्या दिवशी ते पान बाईंना दिलं. तेव्हापासून कुठल्याही संस्थेला कोर्टाचा हुकूम देताना मी सोबत मराठीत आणि कन्नडमध्ये अटींचं पान देतो आणि पोच घेतो. कन्नड पान वकीलबाई तपासून देतात. दोन क्लबांनी ते पान बघून काम काढून घेतलं.

संक्रांतीच्या आधी बाई पुन्हा आल्या. पिशवीत ओला वाटाणा होता. नको म्हटलं तरी त्यांनी तो टेबलावर ठेवला. मग ते पान काढलं. घड्या पडून कडा फाटल्या होत्या, मधे हळदीचा डाग.

“ह्याच्या वीस झेरॉक्स पायजेत,” म्हणाल्या. “आमच्या रस्त्याला नवीन क्लब काढालेत. बोर्ड लागलाय, फ्रेम अजून लागली न्हाई.”