सगळे नळ बंद, तरी मीटर फिरतोय

फेब्रुवारीचे पाणीबिल हातात पडले तेव्हा ते घेऊन मी आधी शेजारच्या अण्णांकडे गेलो, कारण आमच्याकडे बिल कन्नडमध्ये येते आणि सारा जन्म बेळगावच्या शहापुरात जाऊनही माझे कन्नड बाजारहाटापुरतेच आहे. अण्णांनी चष्मा सरसावून बोट ठेवत वाचून दाखवले: ‘हिंदिन’च्या पुढे आहे तो मागच्या वेळचा आकडा, ‘ईगिन’च्या पुढचा आताचा, आणि दोहोंतला फरक म्हणजे ‘बळके’, अर्थात वापर. तो होता ३१ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर, म्हणजे आम्ही पाच माणसांनी महिन्यात ३१ हजार लिटर पाणी संपवले होते. गेले वर्षभर हाच आकडा १७-१८ च्या पुढे गेलेला नव्हता. शिवाय वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, त्यामुळे रक्कम वापरापेक्षाही अधिक वेगाने फुगली होती.

भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दररोज १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने पाच माणसांचे महिन्याचे २०,२५० लिटर होतात. आमच्या घरी ना पाहुणे आले होते, ना बांधकाम चालू होते. तेव्हा नेहमीच्या १८ हजारांच्या वरचे जवळपास १३ हजार लिटर, म्हणजे रोजचे सव्वाचारशे-साडेचारशे लिटर पाणी कोणीही न वापरता कुठेतरी जात होते. हा आकडा मोठा वाटतो, पण मिनिटाला भागून पाहिला तर तो जेमतेम ३०० मिली भरतो, पाणी प्यायच्या एका मोठ्या पेल्याएवढा. एवढी बारीक धार चोवीस तास वाहिली की पुरे.

इथे मी जी चूक केली ती बहुतेक जण करतात: मी थेट मीटरला दोष दिला. ‘मीटर पळतोय’ अशी तक्रार लिहूनही काढली होती. ती द्यायला निघालो तेव्हा मुलीने अडवले आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार पुढे केला. परसातल्या नळावर तो काठोकाठ पाच वेळा भरून मोजला, तर मीटर शंभराच्या वर जेमतेम एक लिटर सरकला. मीटर ठणठणीत होता. तक्रारीचा कागद मागून याद्या लिहायला कामी आला.

बेळगावच्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. आमच्या भागातही पाणी आता अखंड येते, आणि त्याचा एक फायदा गळती शोधताना होतो: नळवाहिनीत सदैव दाब असल्यामुळे मीटर कधीही साक्ष देऊ शकतो. रात्री ११ वाजता सगळे नळ बंद करून, जमिनीखालच्या टाकीचा, म्हणजे आमच्याकडे ज्याला संप म्हणतात त्याचा, आत येणारा कॉकही बंद करून मी मीटरच्या पेटीचे झाकण उचलले. आतल्या मुंग्यांच्या वारुळावर फुंकर घालून विजेरी धरली. काळ्या आकड्यांच्या खाली करवतीसारख्या दात्यांची एक इवलीशी तांबडी चांदणी असते. आकडा हलायला बराच वेळ लागतो, पण ही चांदणी थोड्याशा प्रवाहानेही फिरते. ती फिरत होती. घाई नाही, थांबणे नाही, लंगडणाऱ्या माणसाच्या चालीने एकेक दाता पुढे सरकत होता. पहाटे ५ वाजता आकडा पाहिला तर सहा तासांत ८४ लिटर गेले होते, तासाला १४ लिटर. रात्री सगळ्यांचा वापर थांबल्याने वाहिनीतला दाब वाढतो आणि गळतीही थोडी वाढते, म्हणून दिवसाचा हिशेब करताना हात जरा आखडता ठेवावा. तरीही दिवसाला ३३६ लिटर, महिन्याला दहा हजार लिटर म्हणायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वडगावहून आमचे नेहमीचे मेस्त्री आले. मी न्हाणीघराची फरशी फोडायच्या तयारीत होतो, कारण तिथल्या एका टाइलच्या सांध्यात ओल दिसत असे. मेस्त्रींनी छिन्नी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. “फरशी कशाला फोडता सर, आधी कॉक बंद करून बघू की. पाणी कुठनं जातंय ते फरशी सांगत नाही, कॉक सांगतंय,” असे ते म्हणाले. त्यांची पद्धत इतकी सोपी आहे की ती मला आधी का सुचली नाही याचे आश्चर्य वाटते. मीटरपासून निघणारी वाहिनी झाडासारखी असते; एकेक फांदी बंद करत जायचे आणि प्रत्येक वेळी चांदणी पाहायची. ज्या फांदीचा कॉक बंद केल्यावर चांदणी थांबेल, गळती त्या फांदीवर.

पण त्यासाठी कॉक बंद व्हायला हवेत. आमच्या घरातला मीटरनंतरचा मुख्य गेट व्हॉल्व्ह वडिलांच्या काळातला. त्याचे चाक फिरे, पण आतली पाती गंजून तुटलेली असल्याने पाणी अडतच नव्हते. सकाळचा अर्धा वेळ तो बदलून बॉल व्हॉल्व्ह बसवण्यात गेला. तो बंद करताच चांदणी थांबली, म्हणजे मीटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला तुकडा निर्दोष ठरला. मग तो उघडून संपाकडची फांदी बंद केली: चांदणी चालूच. स्वयंपाकघराची बंद केली: चालूच. परसातल्या नळाची बंद केली: तरीही चालू. आता बंद करायला फांदीच उरली नव्हती, आणि तासाला चौदा लिटर पाणी मात्र जातच होते.

मेस्त्रींनी एक लोखंडी सळई घेतली, तिचे एक टोक भिंतीलगत जमिनीत जाणाऱ्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपवर टेकवले आणि दुसरे कानाजवळ नेले. माझ्याही कानाला लावायला दिले. रस्त्यावरच्या रिक्षा आणि टिपऱ्यासारखा वाजणारा शेजारचा हातमाग यांच्या आड नक्की काय ऐकू आले हे मी शपथेवर सांगणार नाही, परंतु उन्हाच्या वेळी सगळे शांत झाल्यावर तीच सळई पुन्हा लावली तेव्हा दूध उतू जाण्याआधी पातेल्यात होते तशी एक बारीक, सलग सळसळ होती. ती कोठीच्या खोलीच्या दिशेने स्पष्ट होत गेली. कोठीच्या खोलीत नळ नाही.

ओसरीवर गव्हातले खडे वेचत बसलेली आई तेव्हा म्हणाली, “अरे, कोठी कुठली, ती न्हाणी होती. चुलवणावर हंडा होता आणि बाजूच्या हौदाला नळ होता. तुझ्या लग्नाआधीची गोष्ट.” मला हौद आठवत होता, त्यात डोके बुडवून श्वास रोखायच्या शर्यतीही आठवत होत्या, पण हौदात पाणी नळाने येत असे हे साफ विसरलो होतो. नवे न्हाणीघर झाले तेव्हा हौद फोडला, नळ काढला आणि त्याच्या जागी एक लोखंडी प्लग ठोकून वर कोबा केला. वाहिनी मात्र मुख्य पाइपाला जोडलेलीच राहिली. घराच्या मालकाला माहीत नसलेली एक जिवंत फांदी इतकी वर्षे जमिनीखाली होती.

कोबा दोन हात रुंद फोडून, दीड फूट खाली गेल्यावर प्लग सापडला. आट्यांची जागा गंजून शिसपेन्सिलीच्या टोकाएवढे भोक पडले होते आणि त्यातून पाणी खालच्या बाजूला उडत होते. वर ओल का आली नाही, याचे उत्तर आमच्या पायाखाली होते. घराचा पाया जांभ्याच्या भरावावर आहे, आणि जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो; दिलेले पाणी तो पिऊन खाली सोडतो. काळ्या मातीत हीच गळती असती तर आठवड्यात जमीन फुगून किंवा खचून कळले असते. खुणा अगदीच नव्हत्या असेही नाही. कोठीच्या भिंतीला वीतभर उंचीपर्यंत पांढरा खार फुटत असे आणि गिलाव्याचे पापुद्रे निघत. परंतु बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे ते भिंतीच्या ओलीला कधीच गांभीर्याने घेत नाहीत. पावसाची ओल संक्रांतीपर्यंत हटते आणि ही मार्च उजाडला तरी हटली नव्हती, एवढा फरक मी पाहायला हवा होता.

गंजलेला प्लग बदलून भागले असते, पण मेस्त्रींनी ते साफ नाकारले. जुन्या जीआय पाइपचा एक आटा गेला की पुढचा तयारच असतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला पटले. मुख्य पाइपातून ही फांदी जिथे फुटते तो ‘टी’, म्हणजे तीन तोंडांचा सांधाच, कापून काढला आणि सरळ तुकडा टाकला. त्या रात्री चांदणी जागची हलली नाही.

तरीही हिशेब जुळत नव्हता. महिन्याला दहा हजार लिटर सापडले, पण गेले होते तेरा. उरलेले रोजचे शंभरेक लिटर रात्री मीटरवर दिसत नव्हते, याचा अर्थ ते गच्चीवरच्या टाकीच्या पुढे जात होते. टाकीतून गळणारे पाणी सकाळी मोटर लावली की संपातून वर चढते आणि मग कुठे मीटर फिरतो. गच्चीवरची आमची टाकी हजार लिटरची, गोल, आतून सुमारे ११० सेंटिमीटर व्यासाची. तिच्यातली पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेनऊ लिटर गेले असे धरता येते. रात्री आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारली. सहा तासांनी पाणी अडीच सेंटिमीटर खाली होते, म्हणजे तासाला चार लिटर. माडीवरच्या संडासाच्या फ्लश टाकीत बायकोने धुण्याची नीळ चिमूटभर टाकली आणि वीस मिनिटे कोणाला आत जाऊ दिले नाही. भांड्यात निळा ओघळ उतरला होता. तळाच्या झडपेचे रबर कडक होऊन वाकले होते. हे पाणी आवाज न करता, भांड्याच्या ओल्या भिंतीवरून सरकत गटारात जाते, म्हणून डोळ्यांना ते कधी दिसत नाही. रबर बदलायला पाच मिनिटे लागली.

निपाणीला राहणाऱ्या बहिणीला हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळीच येते, रात्री मीटर बघून काय कळणार? तिचे बरोबर आहे. तिथे संप भरून घ्यावा, आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही मार्ग बंद करावेत, काठी उभी धरून पाण्याची खूण करावी आणि सकाळी पुन्हा पाहावी. पातळी उतरली तर संपालाच तडा आहे. काठोकाठ भरल्यावर बॉल कॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याने मिटणारा कॉक, पाणी थांबवतो की नाही हेही पाणी येत असताना स्वतः पाहावे, कारण संपाचा ओव्हरफ्लो पाइप बहुतेक घरांत परस्पर गटारात सोडलेला असतो. मात्र अशा ठिकाणी गळतीची भीती केवळ बिलापुरती नसते. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब जातो, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते त्याच भोकातून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. पाणी सुटल्यावर पहिली धार गढूळ किंवा वासाची येत असेल, तर आपल्या अंगणातला पाइप आधी तपासावा.

पुढचे बिल १८ चे आले. अण्णांकडे न जाता मी ते स्वतः वाचले. कोठीच्या भिंतीचा गिलावा मात्र अजून खरवडलेला नाही. गवंडी म्हणतो, आत मुरलेले पाणी निघायला एक पुरता उन्हाळा जावा लागेल. आत्ता सिमेंट थापले तर खार पुन्हा फुटेल. तोवर गव्हाची पोती ओसरीवर आहेत.