सम्राज्ञीचा अंबाडा

रोमन सम्राज्ञींची नाणी बघताना माझी नजर आधी केसांवर जाते. चेहरे सगळे एका बाजूने काढलेले, ठेवणीतले, गंभीर. केस मात्र बोलके. थोरल्या फाउस्टिनाच्या वेण्या डोक्यावर चुंबळीसारख्या गुंडाळलेल्या. तिची मुलगी, सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको धाकटी फाउस्टिना, हिचा अंबाडा खाली मानेशी, आणि तोही बदलत राहणारा. अभ्यासकांनी तिच्या चित्रांचे नऊ प्रकार लावलेत आणि त्यांची सांगड तिच्या बाळंतपणांशी घातली आहे. डझनभर तरी मुलं झाली तिला. केस विंचरायला दासी होत्या म्हणून बरं!

या नाण्यांतलं मोठं ते सेस्टर्शियस. पंचवीसेक ग्रॅमचं, तळहाताला जाणवेल असं. ब्राँझचं म्हणायची पद्धत आहे, पण धातू खरं तर पितळ. टाकसाळीतून निघताना पिवळंधमक असणार. अशी चार दिली की चांदीचा एक दिनारियस. थोडक्यात, बाजारात फिरणारा पैसा.

मागच्या बाजूला देवी. ती इतकी लहान की नाकडोळे नावालाच, तेव्हा ओळखायची हातातल्या वस्तूवरून. गव्हाच्या लोंब्या असतील तर सेरेस, सफरचंद असेल तर व्हीनस, सुकाणू असेल तर फोर्तुना. जुनोच्या पायाशी मोर. अक्षरं झिजून गेली तरी मोर बहुधा तगतो.

थोरली तर स्वतःच देवी झाली. इ.स. 140 च्या सुमारास ती वारली आणि नवऱ्याने, सम्राट अंतोनिनस पायसने, तिला देवत्व मिळवून दिलं. तिची बहुतेक नाणी त्यानंतरची, 'दिवा फाउस्टिना', म्हणजे देवी झालेली फाउस्टिना, या नावाने पाडलेली. जिवंतपणी राणीपद जेमतेम दोन वर्षं. नाणी मात्र पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली. प्रेम की राजकारण? मला वाटतं, त्या घरात दोन्ही एकाच पेटीत ठेवत असावेत.

धाकटीच्या वाट्याला व्हीनस येते, जुनो येते, आणि फेकुंदितासही: सुफलतेची देवी, हातात मूल, पायाशी मुलं. ही मला देवी कमी आणि घराण्याने नेमून दिलेलं काम जास्त वाटते. एका नाण्यावर तर देवीसुद्धा नाही. आसनावर नुसती दोन बाळं, आणि भोवती अक्षरं: 'सेकुली फेलिकितास', म्हणजे या युगाचं सौख्य. 161 साली झालेली जुळी ती. एक चार वर्षांचं होऊन गेलं. दुसरा कोमोडस, पुढे सम्राट झालेला. त्याचं सौख्य रोमने बापामागे बारा वर्षं भोगलं आणि 192 च्या शेवटच्या दिवशी त्याचा गळा आवळला.