पहिला प्रवेश वाचायला शिकवणाऱ्या बाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांविषयी लिहावे असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा मी मराठीच्या बाईंविषयी लिहिणार हे ठरलेलेच होते. मात्र त्यांचे गुणगान करण्यापेक्षा त्यांनी शिकवलेल्या एकाच गोष्टीविषयी सविस्तर लिहिले तर ते त्यांना अधिक रुचले असते, असे मला वाटते. घरात काय बिनसले आहे हे चांगला नाटककार भांडणाला तोंड फुटण्याच्या कितीतरी आधी सांगून मोकळा झालेला असतो, आणि ते संवादांइतकेच कंसातल्या सूचनांतही शोधावे लागते, हे त्यांनी आम्हांला नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाच्या पहिल्या काही पानांवरून दाखवले. अनंत काणेकरांनी हे नाटक ‘घरकुल’ या नावाने मराठीत आणले होते, हे त्या आवर्जून सांगत. वाचनाच्या तासाला मात्र त्या इंग्रजी प्रत हातात धरून वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत आणि आम्ही ते वहीत उतरवून घेत असू.

या नाटकाचा पहिला प्रयोग २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये झाला. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. आपल्याकडे तेव्हा सूत्रधार आणि नटी प्रेक्षकांना नाटकाची ओळख करून देत असत. इब्सेनजवळ सूत्रधार नाही. त्याच्याजवळ एक दिवाणखाना आहे, आणि तो बाईंनी सर्वांत आधी फळ्यावर काढला. मागच्या भिंतीला दोन दारे, उजवीकडचे बाहेरच्या दालनात जाणारे, डावीकडचे नायिकेच्या नवऱ्याच्या अभ्यासिकेत उघडणारे, मधोमध पियानो. पडदा उघडल्यापासून हे डावीकडचे दार बंद आहे, याची नोंद त्यांनी आम्हांला वहीत स्वतंत्र ओळीवर करायला लावली होती.

नायिका नोरा बाजारहाट करून गुणगुणत घरात येते. नाताळचे झाड घेऊन आलेला हमाल दारात उभा आहे. झाड नीट लपवून ठेव, संध्याकाळी सजवून होईपर्यंत मुलांच्या दृष्टीस पडता कामा नये, असे ती मोलकरणीला बजावते. नाटकातले हे पहिलेच बोलणे, आणि ते लपवण्याविषयीचे! मग ती हमालाला किती द्यायचे ते विचारते. तो पन्नास ओर, म्हणजे अर्धा क्रोन, मागतो, ती त्याच्या हातावर एक क्रोन ठेवते आणि उरलेले त्यालाच राहू देते. हमाल निघून जातो. दार लावून ती स्वतःशीच हसते, खिशातून बदामाच्या मॅकरून बिस्किटांची पुडी काढते, एकदोन तोंडात टाकते आणि दबक्या पावलांनी अभ्यासिकेच्या दाराशी जाऊन कानोसा घेते. इथपर्यंत नवरा-बायकोने एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. बाई इथे पुस्तक मिटत आणि विचारत, “आता मला सांगा, या घरात कोण कोणाला भितं?”

कोणीतरी चटकन म्हणे, “कोणीच नाही, दोघं मजेत आहेत.” हे उत्तर बाई खोडून काढत नसत. आतून नोराच्या नवऱ्याचा, टोर्वाल्डचा, आवाज येतो. आपला चंडोल बाहेर किलबिलतो आहे का, आपली खार कधी परतली, अशी त्याची लाडाची विचारपूस चालते. काय काय आणले ते पाहायला ये, असे ती म्हणते. म्हणताना पुडी खिशात जाते आणि तोंड पुसले जाते. तो म्हणतो, मध्ये व्यत्यय नको. पण खरेदीचा उल्लेख कानावर पडलेला असतो, त्यामुळे थोड्याच वेळात दार उघडते आणि हातात टाक तसाच धरून तो बाहेर डोकावतो. बायकोच्या हाकेने जे दार उघडले नाही, ते पैशाच्या गोष्टीने उघडले, ही खोच बाईंनी दाखवली नसती तर आमच्या ध्यानात येण्यासारखी नव्हती.

त्यानंतरचे सगळे बोलणे पैशाचेच आहे. टोर्वाल्ड नव्या वर्षापासून बँकेचा व्यवस्थापक होणार आहे, तेव्हा तोवर थोडे उसने घेऊ, असे नोरा सुचवते. आज हजार क्रोन उसने घेतले, नाताळात उडवले आणि वर्षाअखेरीस माझ्या डोक्यात कौल पडले तर काय, असे तो विचारतो. कर्जावर उभ्या राहिलेल्या घरात मोकळेपणा नसतो, असेही ऐकवतो. तिचा चेहरा पडलेला पाहून तो पाकीट काढतो आणि तिच्या हातावर पैसे ठेवतो. ती मोठ्याने मोजते: दहा, वीस, तीस, चाळीस. आमच्यापैकी अनेकांनी आईला महिन्याच्या सुरुवातीला असेच पैसे मोजून घेताना पाहिले होते, त्यामुळे नॉर्वेतले ते घर या ठिकाणी आम्हांला परके वाटेनासे झाले.

या साऱ्याचा खरा अर्थ पुढच्या पानांवर उलगडतो. नवऱ्याच्या आजारपणात त्याला इटलीला नेण्यासाठी नोराने बाराशे स्पेशीडालर, म्हणजे चार हजार आठशे क्रोन, गुपचूप कर्ज काढले होते आणि रोख्यावर वडिलांची सही स्वतःच केली होती. गेल्या नाताळाआधी तीन आठवडे ती रोज मध्यरात्र उलटेपर्यंत दार लावून बसत असे. झाडासाठी फुले करत होती आणि ती मांजराने फाडली, असे नवऱ्याला वाटते. प्रत्यक्षात कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी ती कागदांच्या नकला उतरवून देण्याचे काम करत होती. ते तीन आठवडे फार कंटाळवाणे गेले, असे तो सहज बोलून जातो. मला विचाराल तर सबंध पहिल्या अंकात याहून बोचरे वाक्य नाही, आणि ते बोलणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नाही.

स्नेहसंमेलनासाठी आम्ही एवढाच तुकडा बसवला. टोर्वाल्डचे काम करणारा मुलगा दणदणीत आवाजाचा होता आणि पहिल्या तालमीपासून तो नोरावर खेकसू लागला. बाईंनी त्याला थांबवले. तू तुझ्या वडिलांसारखीच, पैसा हातात टिकत नाही, हे रक्तातच असते, हे वाक्य त्यांनी त्याच्याकडून हसत, तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणवून घेतले. वडिलांच्या सहीचे प्रकरण ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तेवढ्याने शहारा येतो. मॅकरून खाल्लेस का, असे तो बोट नाचवून विचारतो आणि ती साफ नाकारते, तेही त्यांनी थट्टेच्या सुरातच ठेवले. तिने शब्द दिलेला आहे, म्हणून तो विषय तिथेच सोडतो. त्याला खरे कळले होते की नाही, यावर आमच्या वर्गात दोन तट पडले होते. कळून घेण्याची त्याला गरजच वाटत नव्हती, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

पुढे या नाटकाचे जे प्रयोग मी पाहिले, त्यांत टोर्वाल्डला पहिल्या प्रवेशापासूनच खलनायक करणारे दिग्दर्शकही भेटले. तसे केले की प्रेक्षक लगेच नोराच्या बाजूचा होतो खरा, पण मग तिला हे घर आठ वर्षे आवडले कसे, याचा उलगडा होत नाही, आणि तिसऱ्या अंकात ती त्याला समोर बसवून लग्नानंतरचे पहिलेच गंभीर बोलणे करते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या आश्चर्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.